मेरिलिन मन्रोच्या मृत्यूचं गूढ : ते कसं साठत गेलं

नेटफ्लिक्सवर एप्रिल २०२२मध्ये ‘द मिस्टरी ऑफ मेरिलिन मन्रो : द अनहर्ड टेप्स’ हा माहितीपट आला, तेव्हा तिला जाऊन साठ वर्षं होत आली होती. दिग्दर्शन एमा कूपर यांचं असलं, तरी त्यातला खरा ऐवज अँथनी समर्स या पत्रकाराच्या जुन्या कॅसेटी आहेत. त्या ऐकू येत असताना पडद्यावर नट-नट्या ओठ हलवतात. हा प्रकार काहींना आवडला, मला तो शेवटपर्यंत खटकत राहिला. आवाज खरा आणि चेहरा खोटा असला की ऐकणाऱ्याचं लक्ष उगाच चेहऱ्याकडे जातं. ते असो. या कॅसेटी १९८०च्या दशकातल्या आहेत, आणि तिच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी समर्सला त्या भराव्या का लागल्या, हे कळल्याशिवाय माहितीपटाचा नीट पत्ता लागत नाही.

घटना ४ ऑगस्ट १९६२च्या शनिवारी रात्रीची. मेरिलिन ३६ वर्षांची होती. ‘समथिंग्ज गॉट टु गिव्ह’च्या सेटवर ती वारंवार गैरहजर राहते म्हणून स्टुडिओनं जूनमध्ये तिला काढून टाकलं होतं. त्याआधी १९ मे रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिनं राष्ट्राध्यक्ष केनेडींसाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं होतं, आणि केनेडी बंधूंशी तिचं नाव जोडणारी कुजबुज हॉलिवूडमध्ये चालू होती. लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवूड भागात त्याच वर्षी घेतलेल्या घरात ती राहत होती. सोबतीला युनिस मरे ही घर सांभाळणारी बाई.

त्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ राल्फ ग्रीनसन दुपारी येऊन संध्याकाळी सातच्या सुमारास गेले. थोड्या वेळानं नट पीटर लॉफर्डचा फोन आला. लॉफर्ड हा केनेडींचा मेव्हणा. मेरिलिनची जीभ जड झाली होती, आणि तिनं आपल्या बायकोचा, राष्ट्राध्यक्षांचा आणि आपलाही निरोप घेतला, असं त्यानं पुढे सांगितलं. तो धास्तावला, पण स्वतः तिकडे गेला नाही. त्यानं आपल्या मॅनेजरला फोन केला, मॅनेजरनं मेरिलिनच्या वकिलाला, आणि वकिलानं तिच्या घरी. मरेबाईंनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि विषय तिथेच संपला. या सगळ्या भानगडीत मला सर्वांत विषण्ण करणारी गोष्ट कुठल्याही कटापेक्षा ही फोनाफोनी वाटते.

पहाटे तीनच्या सुमारास मरेबाईंना जाग आली. खोलीत दिवा, दार आतून बंद. ग्रीनसन आले, शेकोटीच्या सळईनं खिडकीची काच फोडून आत शिरले. मेरिलिन पालथी पडलेली, हातात फोन. दुसरे डॉक्टर हायमन एंगलबर्ग यांनी ३.५०ला ती गेल्याचं सांगितलं, पण पोलिसांना फोन गेला तो ४.२५ला. सर्वांत आधी पोहोचलेले सार्जंट जॅक क्लेमन्स यांचं म्हणणं असं, की मरेबाईंनी त्यांना मध्यरात्रीची वेळ सांगितली होती. तीनची वेळ नंतर आली. संशयाला पहिली जागा मिळाली ती इथे.

दुसरी जागा शवविच्छेदनानं दिली. ते डॉ. थॉमस नोगुची यांनी केलं. भिंगानं सगळं अंग तपासूनही सुई टोचल्याची खूण सापडली नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ४.५ मिलिग्रॅम पेंटोबार्बिटल, म्हणजे नेम्ब्युटल या झोपेच्या गोळ्यांतलं औषध, आणि ८ मिलिग्रॅम क्लोरल हायड्रेट निघालं. यकृतात पेंटोबार्बिटलचं प्रमाण १३ होतं, रक्ताच्या जवळजवळ तिप्पट. हा आकडा महत्त्वाचा आहे. औषध यकृतात इतकं साठायला काही तास जावे लागतात, इंजेक्शननं झटक्यात मारलेल्या माणसाच्या यकृतात ते इतकं सापडणार नाही. पण जठरात गोळ्यांचा अवशेष दिसला नाही. रोज गोळ्या घेणाऱ्याचं जठर त्या लवकर पुढे ढकलतं, असं स्पष्टीकरण देता येतं. ते पक्कं करायला नोगुचींनी उरलेले अवयव तपासायला मागितले, तर प्रयोगशाळेनं ते आधीच फेकून दिलेले! रक्त आणि यकृताच्या आकड्यांवरून गोळ्यांनीच मृत्यू झाल्याचं दिसतं, मग आणखी कशाला तपासायचं, असा तो सरकारी खाक्या. त्या एका ढिलाईवर पुढे पुस्तकांचे ढीग उभे राहिले.

प्रमुख कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचा तपास करणारे अधिकारी, थिओडोर कर्फी यांनी लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रातल्या तज्ज्ञांकडून तिच्या मनःस्थितीची चौकशी करवली. याआधीही तिनं असे प्रयत्न केल्याचं त्यांना कळलं. १७ ऑगस्टला निकाल आला : ‘बहुधा आत्महत्या’. त्या ‘बहुधा’ला धरूनच पुढचा सगळा धंदा चालला.

१९६४मध्ये फ्रँक केपल या कडव्या कम्युनिस्टविरोधकानं पुस्तिका काढली आणि राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींवर बोट रोखलं. राजकीय हेतू उघड होता. पुढल्याच वर्षी एका सिनेटरची बदनामी करण्याच्या कटाच्या आरोपात हा केपल अडकला, आणि त्याच्याबरोबर आरोपी कोण, तर तेच सार्जंट क्लेमन्स. घटनास्थळी पहिले पोहोचलेले म्हणून त्यांचा शब्द आजही आदरानं उद्धृत होतो, आणि ही जोडी मात्र बहुतेक वेळा गाळली जाते. १९७३मध्ये कादंबरीकार नॉर्मन मेलरनं तीच शंका साहित्यिक थाटात मांडली. टीव्हीवरच्या मुलाखतीत विचारल्यावर पैशांची फार गरज होती, असं त्यानं मोकळेपणानं सांगून टाकलं. मग मेरिलिनशी आपलं गुपचूप लग्न झालं होतं म्हणणारा रॉबर्ट स्लॅट्झर आला, खासगी गुप्तहेर आले, आणि कॉरोनरच्या कचेरीतल्या एका जुन्या कर्मचाऱ्यानं पाहिलेली म्हणे लाल डायरीही आली. ती डायरी अर्थातच कोणालाच मिळाली नाही.

हा गलबला इतका वाढला, की १९८२मध्ये लॉस एंजेलिसचे जिल्हा सरकारी वकील जॉन व्हॅन दे कँप यांनी गुन्हा नोंदवण्याजोगं काही आहे का, याची प्राथमिक चौकशी लावली. खुनाचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा डिसेंबरमध्ये निष्कर्ष आला. मात्र तपशिलांत विसंगती आहेत आणि काही प्रश्न उरतात, हेही अहवालात कबूल केलं होतं. याच चौकशीची बातमी करायला एका ब्रिटिश वृत्तपत्रानं समर्सला अमेरिकेत पाठवलं. काही आठवड्यांचं काम तीन वर्षं लांबलं, सुमारे साडेसहाशे मुलाखती झाल्या. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, नटी जेन रसेल, ग्रीनसनच्या घरचे, पोलीस, टेलिफोनवर कान लावून बसलेले खासगी हेर असे कितीतरी आवाज फितीवर आले. १९८५मध्ये त्यातून समर्सचं पुस्तक निघालं आणि बीबीसीचा एक माहितीपटही झाला.

बीबीसीच्या त्या चित्रीकरणात म्हाताऱ्या मरेबाईंनी आपली तेवीस वर्षांची कहाणी फिरवली. या वयातही मी हे किती दिवस लपवू, अशा अर्थाचं बोलून त्या म्हणाल्या, की डॉक्टर आले तेव्हा मेरिलिन जिवंत होती, आणि रॉबर्ट केनेडी त्या दिवशी घरी येऊन गेले होते. रुग्णवाहिका कंपनीच्या मालकानंही तिला जिवंत असताना नेल्याचं समर्सला सांगितलं. केनेडी त्या शनिवार-रविवारी कुटुंबासह उत्तर कॅलिफोर्नियात होते, अशी नोंद मात्र ठाम आहे. मरेबाईंनी इतक्यांदा बोलणं फिरवलं, की त्यांच्या कुठल्या एका वाक्यावर इमारत उभी करावी, असं मला वाटत नाही.

समर्सही तशी इमारत उभी करत नाही, हे त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. माहितीपटाच्या शेवटी तो सांगतो, की खुनाचा पुरावा आपल्याला सापडला नाही, पण मृत्यू कळण्याची वेळ आणि परिस्थिती मुद्दाम झाकली गेली असावी आणि त्यामागे केनेडी बंधूंशी तिचे संबंध असावेत. यातलं झाकाझाकीचं म्हणणं मला पटण्याजोगं वाटतं. मोठ्या माणसाचं नाव येऊ नये म्हणून पोलिसांना कळवायला उशीर करणं, कागदपत्रं हलवणं, एकमेकांच्या वेळा जुळवून घेणं, एवढ्याला कट लागत नाही, चार घाबरलेली माणसं पुरतात. यकृतातलं औषध मात्र त्यांच्यापैकी कोणाला मागाहून तिथे नेऊन ठेवता आलं नसतं.