नागीण आणि उतारवयातील प्रतिकारशक्ती : पार्श्वभूमी

नागिणीचे तोंड आणि शेपटी जुळली, म्हणजे पुरळाचा वेढा कमरेभोवती पुरा झाला, की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणून कोठे कावेचा लेप लावतात, तर कोठे नागीण मंत्रून घेतात. प्रत्यक्षात हा वेढा सहसा पुरा होतच नाही. कण्यातून निघणारे मज्जातंतू डाव्या अंगाला वेगळे आणि उजव्या अंगाला वेगळे असतात. विषाणू बहुधा त्यांपैकी एकाच तंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो आणि पुरळ छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेपाशी येऊन थांबते. मात्र जुन्या माणसांचे एक निरीक्षण अचूक होते, ते म्हणजे नागीण तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांना अधिक होते. असे का, याचा शोध घेता घेताच वैद्यकाला वार्धक्यातील प्रतिकारशक्तीचे स्वरूप बरेचसे उमगले.

या शोधाचा पहिला धागा बुडापेस्टमध्ये मिळतो. तेथील बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाई यांच्या 1888 साली लक्षात आले की घरातील मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी त्याच घरातील मुलांना कांजिण्या येतात. दोन्ही रोगांचे मूळ एकच असावे, हा त्यांचा तर्क पक्का होण्यास पुढे काही दशके जावी लागली. अमेरिकेत थॉमस वेलर यांनी 1950च्या दशकात दोन्ही रोगांच्या फोडांतील द्रव घेऊन प्रयोगशाळेत विषाणू वाढवला आणि तो एकच असल्याचे दाखवले. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडून जात नाही, तर मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या पेशीपुंजांत दडून राहतो, हे चित्र यातून उभे राहिले.

परंतु चाळीस-पन्नास वर्षे निमूट पडून राहिलेला विषाणू एकाएकी जागा का होतो? या प्रश्नाला हात घातला तो एडगर होप-सिंप्सन या इंग्लंडमधील सायरन्सेस्टर गावच्या डॉक्टरांनी. त्यांच्यापाशी मोठे रुग्णालय नव्हते. सुमारे साडेतीन हजार वस्तीचा दवाखाना आणि काटेकोरपणे ठेवलेल्या नोंदी एवढेच त्यांचे भांडवल होते. सोळा वर्षांत त्यांनी नागिणीचे 192 रुग्ण टिपले. दहा वर्षांखालील मुलांत दर हजारी वर्षाला एकही रुग्ण भरत नव्हता, तर ऐंशी ओलांडलेल्यांत हे प्रमाण दहाच्या घरात गेले होते. या नोंदींवरून 1965 साली त्यांनी मांडले की दडलेला विषाणू अधूनमधून डोके वर काढतच असतो. प्रतिकारशक्ती जागी असेपर्यंत तो तेथल्या तेथे दाबला जातो आणि वयोमानाने ती एका पातळीखाली गेली की नागीण उठते. घरोघरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टराच्या वहीतून एवढा मूलगामी विचार निघावा, याचे मोल मला फार वाटते.

त्याच दशकात वेगळ्या वाटेने आणखी एक कोडे सुटत होते. छातीच्या हाडामागे असणारी थायमस ग्रंथी तोपर्यंत निरुपयोगी समजली जात असे. 1961 साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांतून ती काढली, तेव्हा ते उंदीर संसर्गापुढे हतबल झाले. टी-पेशी, म्हणजे विषाणू ओळखून त्याच्याशी लढणाऱ्या संरक्षक पांढऱ्या रक्तपेशी, येथेच तयार होतात हे त्यातून उलगडले. मराठी परिभाषेत या ग्रंथीला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात आणि ते नाव समर्पक आहे, कारण ती लहानपणापासूनच आक्रसू लागते व उतारवयात तिच्या जागी बव्हंशी चरबी उरते. नव्या टी-पेशींची आवक आटल्यामुळे म्हाताऱ्या शरीराला जुन्या पेशींच्या शिल्लकीवर भागवावे लागते. पूर्वी कधी न भेटलेला विषाणू आला, जसा 2020 साली कोरोना आला, की ही उणीव जिवावर बेतते. अमेरिकेतील रॉय वॉलफर्ड यांनी 1960च्या दशकातच प्रतिकारयंत्रणेच्या या जीर्णतेचा सिद्धांत मांडला होता. पुढे 2000 साली इटलीतील क्लाउडियो फ्रांचेस्की यांनी त्याला जोड दिली की वार्धक्यात शरीरात मंद दाह सतत धुमसत असतो.

नागिणीने यात एक महत्त्वाचा बारकावा दाखवून दिला. 1980च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत दिसले की वृद्धांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे (विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने) टिकून असतात, पण त्याला ओळखणाऱ्या टी-पेशींचा प्रतिसाद घटलेला असतो. म्हणजे केवळ प्रतिपिंडे मोजून वृद्ध व्यक्ती सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही.

लशींचा पुढील इतिहास या बारकाव्याभोवतीच फिरतो. जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांनी, स्वतःच्या लहान मुलाला झालेल्या तीव्र कांजिण्या पाहून, विषाणूचा क्षीण केलेला वाण तयार केला आणि 1974 साली तो जगापुढे मांडला. हाच वाण वृद्धांसाठी वापरायचा ठरला तेव्हा मुलांची मात्रा पुरेना. ती किमान चौदा पट वाढवावी लागली. साठ वर्षांवरील 38,546 व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष 2005 साली आले. नागिणीचे प्रमाण 51 टक्क्यांनी घटले होते, परंतु साठीतल्यांना 64 टक्के संरक्षण मिळाले असताना सत्तरीपुढच्यांना ते 38 टक्केच मिळाले. ज्यांना गरज सर्वाधिक, त्यांनाच लस सर्वांत कमी लागू पडत होती. फ्लूच्या लशीतही हीच अडचण होती आणि म्हणून अमेरिकेत 2009 साली वृद्धांसाठी चौपट मात्रेची लस मान्य झाली.

नागिणीच्या बाबतीत तोडगा निघाला तो मात्रा वाढवून नव्हे. 2017 साली मान्यता मिळालेल्या नव्या लशीत जिवंत विषाणू नाही. त्याच्या आवरणातील एक प्रथिन आणि प्रतिकारयंत्रणेला खडबडून जागे करणारे साहाय्यक द्रव्य आहे, ज्याचा एक घटक चिलीतील एका झाडाच्या सालीपासून मिळवतात. या लशीने दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकणही येते. पण सत्तरीपुढच्यांतही संरक्षण सुमारे 90 टक्के आढळले. जीर्ण झालेली यंत्रणा योग्य हाक दिली तर साद देते, हे यातून प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले.

भारतात ही लस 2023 साली पन्नाशीपुढच्यांसाठी आली. दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात, पण राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नसल्याने खर्च ज्याचा त्याने करायचा आहे. 2011च्या जनगणनेतच देशात साठीपुढचे लोक दहा कोटींहून अधिक होते. त्यांच्यापैकी ज्यांना नागीण होते, त्यांतील काहींचे पुरळ वाळल्यावरही ठणका महिनोन्‌महिने राहतो. आजीला मऊ सुती लुगड्याचा पदरही त्या जागी सोसत नाही आणि पंख्याचा वारा लागला तरी ती कळवळते. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तर उत्तम लागू पडतात, आणि नेमके तेच तीन दिवस अनेक घरांत कावेचा लेप वाळण्याची वाट पाहण्यात निघून जातात.