व्हिम संपादक : जुळणी व दोषनिवारण

व्हिम : आज्ञावली लिहिण्यासाठी वापरला जाणारा, मुख्यतः कळफलकावरून चालणारा मजकूर-संपादक. त्याचे अनेक मोड असतात. नॉर्मल मोडमध्ये प्रत्येक कळ ही आज्ञा असते, तर इन्सर्ट मोडमध्ये तीच कळ अक्षर उमटवते. रोजच्या आज्ञांची ओळख वाचकाला आहे असे गृहीत धरून या नोंदीत संपादक स्वतःच्या सोयीने जुळवून घेणे आणि जुळणी बिघडली की दोष हुडकणे यांचाच विचार केला आहे. इंदूरमधील मराठीभाषक आज्ञावलीकार एकाच कळफलकावरून इंग्रजी, हिंदी व मराठी लिहितात. त्यांच्या अडचणींना येथे अधिक जागा दिली आहे, कारण व्हिमच्या प्रचलित मार्गदर्शिकांत देवनागरीचा भाग सहसा येतच नाही.

उगम : व्हिमची परंपरा केन टॉमसन यांच्या ‘एड’ या ओळ-संपादकापर्यंत (सु. १९६९) मागे जाते. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमधील जॉर्ज कुलूरिस यांनी एडमध्ये सुधारणा करून ‘एम’ हा संपादक तयार केला. १९७६ च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात पोहोचला आणि तेथे बिल जॉय व चक हेली यांनी त्यावरून पुढे ‘एक्स’ उभा केला. एक्सचाच पडदाभर मजकूर दाखवणारा मोड म्हणजे ‘व्हीआय’. व्हीआयचे जन्मवर्ष म्हणून बहुतेक ठिकाणी १९७६ दिलेले आढळते. काम सुरू झाल्याचे वर्ष म्हणून ते चालेल. वितरणाच्या नोंदी पाहता मात्र एक्स मार्च १९७८ मधील पहिल्या बर्कली वितरणात (युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमसाठीच्या संचात) आला आणि ‘व्हीआय’ हे नाव मे १९७९ मधील दुसऱ्या वितरणात. वापरकर्त्यांच्या हाती संपादक पडला तो काळ धरायचा असेल, तर १९७९ अधिक सयुक्तिक ठरते. पुढे देखभाल करताना मेरी अॅन हॉर्टन यांनी बाणांच्या कळा व मॅपिंग (एका कळेला दुसऱ्या कळांचे काम देणे) यांची भर घातली. वापरणाऱ्याने संपादकाच्या कळा बदलण्याची प्रथा येथूनच रुजली.

कर्सर हलवण्यासाठी एच, जे, के, एल याच कळा का, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले असे की, जॉय ज्या लिअर सिग्लर कंपनीच्या एडीएम-३ए टर्मिनलवर (संगणकाला जोडलेल्या पडदा-कळफलकावर) काम करत, त्यावर याच चार कळांवर बाण छापलेले होते. दुसरे स्पष्टीकरण आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतावर बोट ठेवते : त्यात कंट्रोल-एच म्हणजे एक घर मागे आणि कंट्रोल-जे म्हणजे एक ओळ खाली. ही दोन मते एकमेकांविरुद्ध मांडली जातात, पण त्यांत खरा विरोध नाही. आस्कीवरून डावी व खालची दिशा उलगडते. के आणि एल यांच्या दिशा त्यातून निघत नाहीत, त्या टर्मिनल बनवणाऱ्यांनी जोडल्या. म्हणून व्हीआयमधील चौकडीचे तात्कालिक कारण टर्मिनल हेच मानणे योग्य. त्याच टर्मिनलवर इन्सर्ट मोडमधून नॉर्मल मोडमध्ये परत नेणारी एस्केप कळ आज टॅब असते तेथे, म्हणजे क्यूच्या शेजारी होती. आज ती कोपऱ्यात गेल्यामुळे कॅप्स लॉकला एस्केप करणे हा नवशिक्यांनाही सुचवला जाणारा पहिला बदल ठरला आहे.

ब्राम मोलेनार यांनी अमिगा संगणकासाठी तयार केलेला व्हिम १९९१ मध्ये सार्वजनिक झाला. त्याचा पाया टिम टॉम्पसन यांनी १९८७ मध्ये अटारी एसटीसाठी लिहिलेल्या ‘स्टीव्ही’ या संपादकाचा होता. युनिक्सवर व्हिम १९९२ मध्ये आला. मोलेनार २०२३ मध्ये निवर्तले, तोपर्यंत ते व्हिमचे प्रमुख राहिले. वापरकर्त्यांनी युगांडातील किबाले येथील मुलांसाठी देणगी द्यावी, हे त्यांचे आवाहन संपादक उघडताच दिसते आणि ते तसेच राहावे. २०१४ मध्ये व्हिमपासून ‘निओव्हिम’ ही शाखा फुटली. तिच्या जुळणीसाठी ल्युआ भाषाही चालते.

जुळणी : व्हिमची जुळणी वापरकर्त्याच्या मूळ (होम) फोल्डरमधील ‘.व्हिमआरसी’ या साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहितात. ओळींचे क्रमांक, टॅबऐवजी स्पेस, शोधताना अक्षराच्या लहानमोठेपणाकडे दुर्लक्ष अशा सेटिंगांना प्रत्येकी एक ओळ पुरते. दुसऱ्याची पाचशे ओळींची फाइल उचलून आणण्याची सवय फार पसरली आहे, आणि निम्मे बिघाड तिच्यातूनच येतात असे म्हणावेसे वाटते. जिचे काम आपल्याला सांगता येत नाही अशी ओळ फाइलमध्ये नसावी.

मॅपिंग करताना ‘मॅप’ आणि ‘नोरीमॅप’ यांतला फरक मूलभूत आहे. ‘मॅप’ने दिलेली कळ ज्या कळांकडे बोट दाखवते, त्यांच्यावरही दुसरे मॅपिंग असेल तर तेही लागू होते. अशा दोन ओळी एकमेकींकडे वळल्या की संपादक त्याच फेऱ्यात अडकतो व शेवटी त्रुटी दाखवतो. ‘नोरीमॅप’ कळेचा मूळ अर्थच घेतो, म्हणून खास कारण नसेल तर तोच वापरावा. दोनदा जे दाबले की एस्केप, असे मॅपिंग केल्यावर पहिला जे उमटायला थोडा वेळ लागतो. तो दोष नव्हे : दुसरा जे येतो का, याची वाट व्हिम एक सेकंदापर्यंत पाहतो. हा काळ ‘टाइमआउटलेन’ने कमी करता येतो, मूळ मूल्य १००० मिलिसेकंद असते. प्लगइनांसाठी (व्हिमला जोडायच्या पूरक आज्ञावलींसाठी) आवृत्ती ८ पासून (२०१६) वेगळ्या व्यवस्थापकाची सक्ती राहिलेली नाही. ‘पॅक’ फोल्डरमध्ये ते ठेवले की पुरते.

दोषनिवारण : कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत ती ऑपरेटिंग सिस्टीम, टर्मिनल (ज्या खिडकीत व्हिम चालतो ती), व्हिम, व्हिमआरसी आणि प्लगइन अशा थरांतून जाते. दोष कोणत्या थरातला हे ठरवले की उपाय बहुधा लगेच सापडतो. ते न ठरवता सेटिंगा बदलत राहिल्यास जुना दोष राहून नवा तयार होतो. कंट्रोल-एसचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. व्हिमच्या जुन्या आवृत्त्यांत फाइल जतन करण्यासाठी कोणी व्हिमआरसीत कंट्रोल-एसचे मॅपिंग करतो, कळ दाबतो आणि पडदा गोठतो. काही जण टर्मिनलच बंद करतात. खरे तर कळ व्हिमपर्यंत पोहोचलेलीच नसते. टर्मिनलच्या जुन्या प्रवाह-नियंत्रणात कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब’ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चालू कर’. कंट्रोल-क्यू दाबताच सर्व पूर्ववत होते, आणि शेलमध्ये (टर्मिनलच्या आज्ञा-ओळीवर) ‘एसटीटीवाय’ आज्ञेने हे नियंत्रण बंद केले की मॅपिंगही चालू लागते.

थर ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे व्हिम ‘क्लीन’ पर्यायाने उघडणे. त्यात वापरकर्त्याची जुळणी व प्लगइन वगळले जातात. दोष नाहीसा झाला तर तो जुळणीत आहे. मग व्हिमआरसीच्या मध्यावर ‘फिनिश’ ही ओळ टाकावी. तिच्या पुढचे वाचले जात नाही. दोष राहिला तर तो वरच्या अर्ध्यात, गेला तर खालच्या. अर्ध्याचे अर्धे करत गेल्यास लांब फाइलमधली दोषी ओळही थोड्या फेऱ्यांत हाती लागते. एखादी कळ कोणी बळकावली हे ‘व्हर्बोज मॅप’ सांगतो : मॅपिंगसोबत ते शेवटी कोणत्या फाइलमध्ये ठरवले गेले तेही छापून येते. ‘व्हर्बोज सेट’ सेटिंगांबाबत हेच करतो. वाचलेल्या फाइलींचा क्रम ‘स्क्रिप्टनेम्स’ने, उघडताना लागणारा वेळ ‘स्टार्टअपटाइम’ने कळतो; निओव्हिममध्ये ‘चेकहेल्थ’ आहे.

एस्केप दाबल्यावर रेंगाळणे हाही थरांचाच प्रश्न. बाणांच्या कळांसाठी टर्मिनल जे संकेत पाठवते त्यांची सुरुवात एस्केपनेच होते, म्हणून नुसता एस्केप आला की व्हिम क्षणभर थांबतो. ‘टीटाइमआउटलेन’ ५० ते १०० मिलिसेकंद ठेवल्यास हा विलंब जाणवत नाही.

वीज गेल्यावर किंवा जोडणी तुटल्यावर फाइल पुन्हा उघडताना येणारा ई-३२५ क्रमांकाचा इशारा घाबरवणारा असला तरी तो उपकारकच. साधारण २०० अक्षरे टंकल्यावर किंवा चार सेकंद हात थांबल्यावर व्हिम मजकूर स्वॅप फाइलमध्ये उतरवून ठेवतो. ‘रिकव्हर’ निवडून मिळालेला मजकूर वेगळ्या नावाने जतन करावा, मूळ फाइलशी ताडून पाहावा आणि मगच स्वॅप फाइल काढावी. दुसऱ्या खिडकीत तीच फाइल उघडी असली तरीही हाच इशारा येतो. तसे असेल तर रिकव्हर करू नये.

देवनागरी : नॉर्मल मोडमध्ये असताना ऑपरेटिंग सिस्टीमचा कळफलक इन्स्क्रिप्ट या देवनागरी आराखड्यावर राहिला असेल, तर एच, जे, के, एल यांऐवजी प, र, क, त ही अक्षरे संपादकाकडे जातात आणि कर्सर जागचा हलत नाही. इन्सर्ट मोडची आय कळ ‘ग’ होते. यावर व्हिममध्येच सोय आहे, ती म्हणजे ‘कीमॅप’. कोणत्या कळेला कोणते अक्षर याची फाइल ‘कीमॅप’ फोल्डरमध्ये ठेवायची आणि सिस्टीमचा कळफलक कायम इंग्रजीच राहू द्यायचा. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोलसह ६ ची कळ दाबली की देवनागरी सुरू वा बंद होते, आणि एस्केप दाबताच आज्ञा नेहमीसारख्या चालतात. विशेष म्हणजे आर व एफ या आज्ञांना द्यावयाचे अक्षरही कीमॅपमधून येते, त्यामुळे ओळीतल्या पुढच्या ‘ळ’वर थेट उडी मारता येते. सिस्टीमचा कळफलक बदलत राहण्यापेक्षा ही रीत श्रेयस्कर. ईमॅक्स या दुसऱ्या संपादकात देवनागरी-इन्स्क्रिप्ट पद्धत मुळातच येते.

व्हिम मात्रा, अनुस्वार व पाय मोडण्याचे चिन्ह यांना आधीच्या अक्षराला जोडलेले मानतो. ‘कि’वर कर्सर ठेवून जी-ए (अक्षराचा युनिकोड क्रमांक दाखवणारी आज्ञा) दाबल्यास दोन नोंदी दिसतात : क (०९१५) आणि ऱ्हस्व वेलांटी (०९३एफ). एक्स दाबला की दोन्ही एकदम पुसली जातात; नुसती वेलांटी पुसायची असेल तर ‘डेलकम्बाइन’ चालू करावे लागते. काना-वेलांटीला किती रुंदी द्यायची याबाबत टर्मिनल व व्हिम यांचे हिशेब जुळले नाहीत, तर मराठी ओळीत कर्सर एका जागी दिसतो आणि बदल दुसरीकडे होतो. हा दोष व्हिमआरसीत शोधून सापडत नाही. टर्मिनल बदलून पाहणे किंवा जीव्हिम (स्वतःच्या खिडकीत चालणारा व्हिम) वापरणे हाच मार्ग.

मराठीपुरता खास प्रश्न ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ यांतील अर्ध्या र चा. ‘व्यापाऱ्याला’ हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसत असूनही तो साठवण्याच्या निदान दोन रीती प्रचारात आहेत. इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह जे दाबून ऱ (०९३१) घेतात व त्याचा पाय मोडतात. उच्चारानुसारी कळफलकांतून मात्र बरेचदा साधा र, मोडलेला पाय आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह (२००डी) येते. शिवाय युनिकोडच्या नियमाने ऱ म्हणजे र आणि खालचा नुक्ता असेही विघटन होऊ शकते. एका रीतीने टंकलेला शब्द शोधला तर दुसऱ्या रीतीचा सापडत नाही, आणि ‘शब्द डोळ्यांसमोर आहे तरी व्हिम नाही म्हणतो’ अशी तक्रार होते. जी-ए दाबून पाहिल्यास उलगडा होतो. व्हिमच्या बऱ्याच आवृत्त्यांत अदृश्य चिन्ह कोनांत क्रमांक घालून दाखवलेही जाते. प्रकल्पाच्या सुरुवातीलाच एक रीत ठरवून सर्व फाइलींत ती लावणे हाच टिकाऊ उपाय.

इंदूरमधील वापर : मंदसौरच्या तहानंतर (१८१८) होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली आणि मराठी वस्ती येथे स्थिरावली. गोविंदराम सेकसरिया संस्था (१९५२), राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र (१९८४) आणि आयआयटी (२००९) यांमुळे शहराला तांत्रिक शिक्षण व संशोधनाची बैठक आहे. येथील आज्ञावलीकाराच्या एकाच अनुवाद-फाइलमध्ये हिंदीतील ‘इंदौर’ व मराठीतील ‘इंदूर’, ‘नल’ व ‘नळ’ शेजारी-शेजारी येतात. शोधाच्या नमुन्यात उलटी तिरपी रेघ व मोठा झेड घातल्यास व्हिम अक्षरांना जोडलेल्या मात्रा, अनुस्वार अशा सर्व चिन्हांकडे दुर्लक्ष करतो, आणि ‘इंदूर’ शोधताना ‘इंदौर’ही सापडते. हीच युक्ती ‘पण’ शोधताना ‘पाणी’ही पुढे आणते, म्हणून शोधापुरती ती उत्तम, शोधून बदलण्यासाठी धोक्याची.

मध्य प्रदेशातील नोकऱ्यांसाठीच्या सीपीसीटी या संगणक-प्रावीण्य परीक्षेत हिंदी टंकलेखनाला रेमिंग्टन गेल व इन्स्क्रिप्ट हे दोन्ही आराखडे चालतात. त्यामुळे एकाच कचेरीतील दोन संगणकांवर वेगळे आराखडे आढळतात, आणि एकाची कीमॅप फाइल दुसऱ्याला जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. जुन्या कृतिदेव फाँटमधील फाइली व्हिममध्ये उघडल्यास रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो : ‘कि’च्या जागी एफ आणि डी. ‘फाइलएन्कोडिंग’ कितीही बदलले तरी तो सुटत नाही, कारण फाइलमध्ये खरोखरच रोमन अक्षरे असतात आणि देवनागरी रूप फक्त फाँटमध्ये असते. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागते. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, तर युनिकोडमध्ये नंतर साठवतात. त्यामुळे रूपांतरानंतर जोडाक्षरांवरच्या वेलांट्या आणि ‘ऱ्य’ असलेले शब्द जी-ए लावून तपासावेत.