लवकर विरघळणं आणि जास्त विरघळणं, किती वेळा सांगायचं

गरम पाण्यात साखर पटकन विरघळते हे चहा करणाऱ्याला कुणी शिकवायला नको. पाण्याचे कण जोरात हलतात, दाण्यावर जास्त आपटतात, सुटलेली साखर लगेच लांब पांगते, झालं. हे सोडा.

डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याला. लोणच्याचा खार करताना तळाला मीठ राहिलं की खानापुरात काय नि निपाणीत काय, कुणीतरी म्हणणारच, "विरघळंना झालंय, जरा गरम कर की." अहो, किती लवकर विरघळतं हा एक प्रश्न आणि शेवटी एकूण किती मावतं हा दुसरा, आणि मिठाच्या बाबतीत गरम पाणी पहिल्याला भरपूर मदत करतं, दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही. १०० मिली गार पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ मावतं, उकळत्यात ३९. बस्स, एवढाच फरक. ४५ ग्रॅम टाकलं असेल तर खळखळा उकळलं तरी पाच-सहा ग्रॅम तळाला बसूनच राहणार, मग गॅस कशाला जाळायचा.

घोळ साखरेनं घातलाय. तिचं दोन्ही वाढतं, वेगही आणि मावणंही: गार पाण्यात सुमारे २०० ग्रॅम, उकळत्यात ४८० च्या वर. म्हणून पाक गार झाला की जादाची साखर खडे धरून बाहेर येते, काकवीच्या बरणीत थंडीत तळाला दाणे दिसतात तेही हेच, कुणी भेसळ केलेली नसते. पण साखरेवरून सगळ्यांना एकच नियम लावायचा हे मला अजिबात पटत नाही. चुना तर सरळ उलटा, गरम पाण्यात कमीच विरघळतो.

ढवळणं, कुटून बारीक करणं, याचा संबंध फक्त वेगाशी. पिठीसाखर लवकर जाते, जास्त जात नाही.

आता मोरचूद, म्हणजे तांब्यापासनं बनलेले निळे खडे (कॉपर सल्फेट) बघा, कारण अथणीकडच्या द्राक्षवाल्यांचं ह्याच्यावरनं रोजचं भांडण. बोर्डो म्हणजे बुरशीवर फवारायचं मोरचूद नि चुन्याचं औषध, त्याच्या १ टक्का मिश्रणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद लागतं, आणि तेवढ्या गार पाण्यात तर तीसेक किलो मावेल, म्हणजे मावण्याचा प्रश्नच नाही, गरम पाणी घेता ते फक्त वेळ वाचवायला. वेळ असेल तर मोरचूद फडक्यात बांधून पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळत ठेवा, जड निळं पाणी आपोआप खाली उतरतं, त्याच्या जागी ताजं पाणी खड्यांना येऊन लागतं, ढवळायचीपण गरज नाही. मला तरी हीच पद्धत आवडते. तळाला ओतून ठेवलं की खडे आपल्याच दाट निळ्या पाण्यात बुडून पडतात आणि मग "गार पाण्यात होतच नाही" म्हणून बोंब. बादली मात्र प्लास्टिकची घ्या, लोखंडीला तांबं चढतं नि औषध वाया जातं. आणि घाईत गरम पाणी वापरलंच असेल तर चुन्याच्या पाण्यात ओतायच्या आधी पूर्ण गार होऊ द्या.