टायर तापला पाहिजे

इंजिनीअरिंगच्या मुलांनी स्वतः बनवलेली एकआसनी रेसिंग कार इंग्रजी आठच्या आकड्यात फिरते. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर, बाहेरच्याचा २१.२५ मीटर, मधे तीन मीटर रुंदीची वाट. उजवीकडे दोन फेऱ्या, डावीकडे दोन, आणि दोन्ही बाजूंची दुसरी फेरी घड्याळावर मोजली जाते. चांगली गाडी ती फेरी पाच सेकंदांच्या आसपास संपवते. गाडी वाटेच्या मधोमध चालली असं धरलं तर हा वेग ताशी ४१ किलोमीटर भरतो, म्हणजे वेग स्कूटरचाच. पण त्या वेगात एवढ्या लहान वर्तुळावर राहायला गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ दीडपट त्वरण लागतं. ते पुरवण्याचं काम इंजिनाचं नाही. ते फक्त चार टायर करतात.

या स्पर्धेचं नाव फॉर्म्युला स्टुडंट. अमेरिकेत १९८१ साली ती ‘फॉर्म्युला एसएई’ या नावाने सुरू झाली आणि मग जगभर पसरली. आपल्याकडची ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते आणि तिथे पुण्यामुंबईच्या कॉलेजांचे संघही उतरतात. हौशी मोटरस्पोर्टमध्ये टायर निवडण्याचं शास्त्र समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला दिसत नाही. इथे गाडी कोऱ्या कागदावर सुरू होते. कंपनीने ठरवून दिलेली साइझ नसते. टायर कोणता, केवढा आणि का, याचं उत्तर परीक्षकांसमोर द्यावं लागतं.

तरीही बऱ्याच संघांत आधी इंजिन ठरतं, मग चासी, मग बॉडीवर्क, आणि टायर उरलेल्या पैशांत येतो. हा क्रम उलटा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सस्पेन्शनची भूमिती, स्टिअरिंग, ब्रेकची डिस्क, गिअरिंग, सगळं टायरच्या स्वभावावर अवलंबून असतं. टायर शेवटी बदलला तर आधीची निम्मी गणितं पुन्हा करावी लागतात.

शाळेच्या पुस्तकात घर्षणाचा नियम सोपा असतो: घर्षणबल वजनाच्या प्रमाणात वाढतं आणि पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नसतो. लाकडाच्या ठोकळ्याला तो बऱ्यापैकी लागू पडतो. रबर मात्र तो पाळत नाही. रबर रस्त्याला दोन प्रकारे धरतं. एक म्हणजे रेणूंच्या पातळीवरचं चिकटणं. दुसरं जास्त मजेदार आहे: डांबरातल्या बारीक खडीच्या टोकांवर रबर दबतं, त्यांच्याभोवती वाकतं आणि मूळ आकारात परत यायला किंचित उशीर करतं. त्या उशिरामुळे खडीच्या पुढच्या बाजूला दाब जास्त पडतो, मागच्या बाजूला कमी, आणि या फरकातून गाडीला धरून ठेवणारं बल तयार होतं. दबण्यात खर्च झालेली ऊर्जा पूर्ण परत मिळत नाही, तिची उष्णता होते. म्हणजे पकड आणि तापणं या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत.

आणि रबराचा स्वभाव तापमानावर ठरतो. तिळाच्या वडीचा पाक जसा गार झाला की कडक होतो, कोमट असताना लवचीक राहतो आणि जास्त गरम असेल तर पसरतो, तसंच काहीसं. गार रबर खडीच्या खाचांत शिरत नाही. जास्त तापलेलं रबर पृष्ठभागावरून पुसलं जातं. या दोन्हींच्या मधे एक पट्टा असतो, तिथे ते सर्वांत छान काम करतं. रस्त्यावरच्या टायरचा हा पट्टा मुद्दाम रुंद ठेवलेला असतो, कारण पावसाळी पहाट असो की मे महिन्यातली दुपार, त्याला चालावंच लागतं. रेसिंगच्या गुळगुळीत स्लिक टायरचा पट्टा अरुंद असतो आणि तो गरम बाजूला सरकलेला असतो.

फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांनुसार टायर आधी तापवायला हीटरच्या रजया वापरता येत नाहीत आणि पकड वाढवणारं कोणतंही रसायन लावता येत नाही. ७५ मीटरची ॲक्सिलरेशनची शर्यत चार-पाच सेकंदांत संपते, आठच्या आकड्याच्या चार फेऱ्याही थोडक्यात उरकतात. टायर जवळजवळ गारच असतो. उलट २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीत, त्याला भरपूर ताप मिळतो, आणि एकूण १,००० गुणांपैकी सर्वांत जास्त गुण याच फेरीला असतात. म्हणून टायर असा हवा की तो लवकर जागा होईल आणि शेवटपर्यंत टिकेलही. इथे रबराच्या मिश्रणाइतकाच प्रश्न साइझचा होतो.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, असं सर्रास मानलं जातं. त्यात तथ्य आहे, पण कारण वेगळं आहे. टायर जमिनीला जेवढा टेकतो ते क्षेत्रफळ ढोबळमानाने चाकावरचं वजन भागिले आतला दाब एवढं असतं. गाडी आणि चालक मिळून ३०० किलो धरले तर प्रत्येक चाकावर ७५ किलो. टायरात १२ पीएसआय (दर चौरस इंचाला १२ पौंड दाब) हवा असेल तर टेकणारी जागा साधारण ९० चौरस सेंटीमीटर. टायर साडेसात इंच रुंद घ्या किंवा सहा इंच, दाब तोच राहिला तर क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. बदलतो तो आकार: एकात आडवा आणि आखूड, दुसऱ्यात अरुंद आणि लांबट. रुंद टायरचा खरा फायदा असा की तो कमी हवेवरही नीट उभा राहतो, त्यामुळे जागा वाढवता येते, आणि उष्णता जास्त रबरात वाटली जाते.

वजनाचा भाग तर त्याहून महत्त्वाचा. रबरावरचा भार वाढला की पकड वाढते, पण त्या प्रमाणात नाही. समजा ७५ किलो भाराला एका टायरचा घर्षणांक, म्हणजे पकड भागिले भार, १.६ आहे, ४० किलोला १.७ आणि ११० किलोला १.५. गाडी सरळ असताना एका जोडीची पकड ७५ गुणिले १.६ गुणिले दोन, म्हणजे २४० किलो. वळणावर आतल्या चाकावरचा ३५ किलो भार बाहेरच्या चाकावर गेला की ६८ अधिक १६५, म्हणजे २३३ किलो. भार तेवढाच, चाकंही तीच, पण सात किलो पकड हरवली. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आणणं, वजन कमी करणं आणि योग्य रुंदी निवडणं, या सगळ्यामागे ही गळती कमी करण्याची धडपड असते.

जड आणि ताकदवान गाडीला रुंद टायर लागतो, कारण अरुंद टायर तिथे जास्त तापून हार मानतो. हलक्या गाडीत गणित फिरतं. आपल्याकडचे अनेक संघ चाकणमध्ये बनणारं केटीएम ३९० चं एक-सिलिंडर इंजिन वापरतात. त्यातही नियमाप्रमाणे हवा आत जायच्या वाटेवर २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा अडवणारं अरुंद तोंड, बसवावा लागतो, म्हणजे ताकद आणखी उतरते. अशा गाडीला मोठ्या चारचाकीचे भरदार टायर लावले तर ते शर्यत संपेपर्यंत कोमटच राहतील. दिसायला गाडी जबरदस्त दिसेल, वळणावर मात्र घसरत राहील.

व्यासाचा वाद जुना आहे: १० इंची रिम की १३ इंची? रेसिंग टायरवरचे आकडे रस्त्यावरच्या टायरसारखे नसतात. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातली हूझियर ही कंपनी या स्पर्धेसाठी टायर बनवते. त्यांच्या १८.० x ७.५-१० या आकड्यांचा अर्थ बाहेरचा व्यास १८ इंच, रुंदी साडेसात इंच, रिम १० इंची. २०.५ x ७.०-१३ हा त्याचा मोठा भाऊ. धुरीवर टॉर्क तोच असेल तर १८ इंची चाक जमिनीला जवळजवळ १४ टक्के जास्त ढकलतं. हा फायदा मागचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) बदलून मोठ्या चाकालाही देता येतो, त्यामुळे फक्त तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. वजनाचा फायदा मात्र असा भरून काढता येत नाही. लहान रिम आणि लहान टायर हलके असतात, त्यांना फिरवायला आणि थांबवायला कमी ऊर्जा लागते. खड्ड्या-उंचवट्यावर हलकं चाक रस्ता लवकर पकडतं. शिवाय कमी रबर लवकर तापतं.

किंमत मोजावी लागते ती आतल्या जागेत. १० इंच म्हणजे २५४ मिलिमीटर, आणि त्यात ब्रेकची डिस्क आणि तिला दाबणारा कॅलिपर, चाक धरणारा अपराइट, बेअरिंग, सस्पेन्शनचे सांधे सगळं कोंबायचं. पहिल्यांदा गाडी बनवणाऱ्या संघाने १३ इंची रिम घेतली तर त्यांना मी नावं ठेवणार नाही. तयार, पूर्ण आणि चाचणी झालेली १३ इंची गाडी ही अर्धवट राहिलेल्या १० इंची गाडीपेक्षा केव्हाही पुढे असते.

या निवडीसाठी आज मुलांना अंदाजावर विसंबावं लागत नाही. २००५ पासून फॉर्म्युला एसएईच्या संघांसाठी एक टायर चाचणी संघटना काम करते. अमेरिकेत बफेलो इथल्या कॅलस्पॅन प्रयोगशाळेत टायर एका फिरत्या सपाट पट्ट्यावर दाबून धरतात. भार, हवा, चाकाचा कल आणि घसरकोन बदलत बल मोजतात. घसरकोन म्हणजे चाकाचं तोंड ज्या दिशेला आहे आणि ते प्रत्यक्षात ज्या दिशेला जातंय, त्यांतला फरक. टायरचं बाजूचं बल मुख्यतः या कोनातूनच येतं. मिळालेल्या आकड्यांतून वक्र काढायला नेदरलँड्सच्या डेल्फ्टमधले हान्स पसेयका यांचं ‘मॅजिक फॉर्म्युला’ नावाचं सूत्र वापरतात. एक सावधानता हवी: तो पट्टा सँडपेपरसारखा खरखरीत असतो आणि तिथला घर्षणांक रस्त्यावर मिळत नाही. दोन टायरांची तुलना करायला हे आकडे उत्तम, पण ते जसेच्या तसे घेऊन फेरीचा वेळ काढला तर भलतीच स्वप्नं पडतात.

स्वतःची रोजची हॅचबॅक घेऊन ट्रॅक डेला, म्हणजे रेसट्रॅकवर हौसेने गाडी चालवायला, जाणाऱ्यांसाठीही तत्त्व हेच आहे. समजा कंपनीचा टायर १८५/६० आर १५ आहे. रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची तिच्या ६० टक्के, रिम १५ इंची. बाहेरचा व्यास ६०३ मिलिमीटर येतो. १९५/५५ आर १५ घेतला तर ५९५.५, म्हणजे सव्वा टक्का कमी: रिम तीच, साइडवॉल थोडी आखूड आणि ताठ, गिअरिंग किंचित चपळ. उलट २०५/५५ आर १६ चा व्यास ६३२ येतो, जवळजवळ पाच टक्के जास्त. गाडी सुस्त होते, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायर आत घासायची शक्यता असते. सहा इंच रुंद रिमवर २२५ चा टायर चढवणं तर टाळाच. त्याच्या कडा आत ओढल्या जातात, पोट बाहेर येतं आणि वळणावर तो रिमवरच डुलतो.

टायरवरचा ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा ही अमेरिकेची पद्धत. १०० हा संदर्भ टायर, आणि ४०० म्हणजे चाचणीच्या रस्त्यावर त्याच्या चौपट टिकाऊ. अमेरिकेतल्या हौशी ऑटोक्रॉसमध्ये (शंकू मांडलेल्या वाटेवर वेळेशी शर्यत), एससीसीए या क्लबच्या स्ट्रीट गटांत, किमान २०० ची अट असते, म्हणून तिथे नेमक्या २०० आकड्याच्या चिकट टायरांची जोरदार चढाओढ आहे. हा आकडा कंपनी स्वतः देते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका. ट्रॅक्शनची एए किंवा ए ही श्रेणी ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकिंगची असते, वळणाबद्दल ती काहीच सांगत नाही. वेग आणि भाराची श्रेणी मात्र कंपनीने दिलेल्यापेक्षा कधीही खाली जाऊ देऊ नका. त्याशिवाय साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुनं रबर कडक होतं, खोल नक्षी शिल्लक असली तरीही.

टायर घेतला, बसवला, की उरते हवा, आणि माझ्या मते सर्वांत स्वस्त सुधारणा इथेच आहे. २५ अंशांना १२ पीएसआय भरलेला टायर आतून ६५ अंशांपर्यंत तापला तर दाब साडेपंधराच्या वर जातो. म्हणजे टेकणारी जागा बरीच कमी होते. म्हणून आधी गरम टायरला किती दाब हवा ते ठरवायचं आणि तिथून मागे येत गार टायरची हवा भरायची. थोडक्यात संपणाऱ्या आठच्या आकड्यासाठी वेगळी, एन्ड्युरन्ससाठी वेगळी.

गाडी ट्रॅकवरून आत आली की लगेच सुईचं पायरोमीटर (तापमापक) रबरात टोचून आत, मधे आणि बाहेर अशा तीन जागी तापमान घ्यायचं. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे, कडा गरम आणि मधला गार असेल तर कमी. फक्त आतली कड बरीच गरम असेल तर चाकाचा वरचा भाग गरजेपेक्षा जास्त आत झुकवलाय. आणि तिन्ही जागा गारच असतील, चालकाने जीव तोडून गाडी पळवली असतानाही, तर हवेशी खेळत बसू नये. रबर या गाडीसाठी जास्त कडक आहे किंवा टायर तिच्यासाठी मोठा आहे, आणि पुढच्या वर्षीची साइझ त्या नोंदीवरून ठरवता येते.