अर्धेच लागलेले दिवे काय सांगतात?

संगणकाच्या कॅबिनेटमधल्या पंख्यावर आठ दिवे आहेत आणि एके दिवशी त्यातले पहिले पाचच लागतात. निदान लगेच तयार असतं: 'मदरबोर्ड गेला.' मग नव्या बोर्डाच्या किमतीची चौकशी सुरू होते. पण पाच दिवे योग्य रंगात लागले, याचाच अर्थ बोर्डापासून त्या पाचव्या दिव्यापर्यंत सगळं ठीक आहे. संशय घ्यायचा तो पाचव्या आणि सहाव्या दिव्याच्या मधे. असं इतकं ठामपणे का म्हणता येतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी एक फरक लक्षात घेऊ. संगणकातले शोभेचे दिवे दोन जातींचे असतात. जुनी जात 12 व्होल्टची, चार पिनांची. एक पिन विजेची आणि लाल, हिरव्या, निळ्याची एकेक. या जातीत अख्खी पट्टी एकाच रंगात उजळते. पट्टीभर लाल रंगच गायब असेल तर बहुधा लालची पिन किंवा तार ढिली आहे. नवी जात 5 व्होल्टची, तीन पिनांची: वीज, माहिती आणि ग्राउंड. जुनीला आरजीबी (रेड, ग्रीन, ब्लू) आणि हिला एआरजीबी म्हणतात; हिच्यात प्रत्येक दिवा वेगळ्या रंगाचा होऊ शकतो. 5 व्होल्टचे दिवे जबरदस्तीने 12 व्होल्टच्या हेडरवर (बोर्डावरच्या दिवे जोडायच्या पिनांवर) लावले तर ते जळतात, आणि त्यावर दुरुस्ती नाही.

आता प्रश्न असा की माहितीची तार एकच, मग सहाव्या दिव्याला त्याचा रंग कळतो कसा? त्याला ना क्रमांक दिलेला असतो, ना पत्ता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटते ती इथली युक्ती. चीनमधल्या वर्ल्डसेमी कंपनीची डब्ल्यूएस2812बी ही एलईडी घ्या. तिच्या 5 मिलिमीटरच्या चौकोनात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे आणि एक चिमुकली चिप असते. बोर्ड सगळ्या दिव्यांचे रंग एका लांबलचक माळेत पाठवतो, प्रत्येकासाठी 24 बिट (शून्य किंवा एक असे अंक), म्हणजे प्रत्येक मूळ रंगाला 8. पंगतीत पत्रावळींचा गठ्ठा पहिल्याच्या हाती दिला की तो वरची एक आपल्यापुढे ठेवतो आणि उरलेला गठ्ठा शेजाऱ्याकडे सरकवतो. इथेही तसंच. पहिली चिप पहिले 24 बिट ठेवून घेते आणि पुढचे सगळे जसेच्या तसे पुढे पाठवते. दुसऱ्या चिपच्या दृष्टीने आता तिचेच 24 बिट पहिले असतात. रांगेतली जागा हाच पत्ता.

शून्य आणि एक ओळखायची रीतही वेळेवर बेतलेली आहे. प्रत्येक बिटाला साधारण 1.25 मायक्रोसेकंद मिळतात. त्यात तार सुमारे 0.4 मायक्रोसेकंद 'वर', म्हणजे जास्त व्होल्टेजवर, राहिली तर शून्य, 0.8 राहिली तर एक. म्हणजे एका दिव्याला 30 मायक्रोसेकंद आणि शंभर दिव्यांना अवघे 3 मिलिसेकंद. माळ संपली की तार थोडा वेळ शांत राहते आणि सगळे दिवे एकदम नवा रंग धरतात. पुढची माळ येईपर्यंत तोच रंग टिकतो. शिवाय प्रत्येक चिप पुढे पाठवताना स्पंद (व्होल्टेजचे हे चढउतार) नव्याने घडवते, त्यामुळे रांग लांबली म्हणून संदेश पुसट होत नाही.

एवढं कळलं की बिघाड वाचता येतो. सहाव्यापासून अंधार असेल तर पाचव्याची बाहेर जाणारी किंवा सहाव्याची आत येणारी बाजू तुटली आहे. मात्र त्याआधी सॉफ्टवेअरमध्ये दिव्यांची संख्या चुकून पाच नोंदलेली नाही ना, हे पाहावं. पंखे एकापुढे एक जोडलेले असतील तर मधल्या पंख्यातला एक मेलेला दिवा पुढचा पूर्ण पंखा अंधारात ढकलतो. दिवे एकाच रंगावर गोठले, तर वीज येते आहे पण माहिती थांबली आहे: सॉफ्टवेअर बंद पडलंय, किंवा माहितीची पिन निसटलीय. अधूनमधून भलतेच रंग चमकत असतील तर एखादा स्पंद हरवतो आहे. एक बिट गळाला की पुढचे सगळे बिट एका घराने सरकतात आणि तिथून पुढची रांग त्या क्षणापुरती चुकते. पहिल्याच दिव्यापासून असं होत असेल तर बोर्ड आणि पहिला दिवा यांच्यातली केबल बघा, कारण तिथे स्पंद नव्याने घडवणारं कोणी नसतं. कंट्रोलर (दिव्यांना माहिती पाठवणारी चिप) 3.3 व्होल्टचा असेल तर ही शंका अधिक बळकट होते, कारण 5 व्होल्टवर चालणारी ही चिप 'वर' मानायला सुमारे 3.5 व्होल्ट मागते.

लांब पट्टीवर पांढरा रंग शेवटाकडे पिवळट किंवा लालसर होत गेला, तर तो ओहमचा नियम. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा 60 मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेतो आणि तारेच्या रोधामुळे टोकाला व्होल्टेज घटतं. निळ्या-हिरव्याला सुमारे 3 व्होल्ट लागतात, लालला 2 पुरतात. म्हणून निळा-हिरवा आधी मंदावतात. हेडरची मर्यादा सहसा 3 अँपिअर, म्हणजे हिशेबाने 50 दिवे. त्याहून जास्त लावायचे तर एसएमपीएसवरून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरून) थेट वीज घेणारा हब, म्हणजे दिवे जोडायची वेगळी पेटी, हवा.

आरजीबीने गेमचा वेग वाढतो, दिव्यांचे पंखे जास्त थंडावा देतात, अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. दिवा उष्णता देतो, थोडी का होईना. आणि दिवे गेले म्हणून कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना एवढंच सांगेन की नजर लागून 24 बिट अडत नाहीत. ते सुटलेल्या सांध्यापाशी अडतात, आणि तो सांधा दाखवता येतो.

संगणक बंद केल्यावरही दिवे चालू राहतात, ही तक्रार मात्र बिघाडाची नाही. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस 5 व्होल्टची एक राखीव वाहिनी जिवंत ठेवतो आणि काही बोर्ड तिच्यावर दिवे चालवतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ते बंद करता येतं. कनेक्टर काढण्या-लावण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करायचं ते याच वाहिनीमुळे.