निऑन टेट्रा जोडीने घेऊ नका

शोभेच्या माशांच्या दुकानात भाव बहुधा जोडीचा सांगतात. मग घरी येणारी यादीही तशीच होते: गप्पीची जोडी, मॉलीची जोडी आणि ‘तो निळा चमकणारा’ निऑन टेट्रा, तोही दोनच. गप्पी-मॉलीचं निभतं. निऑन मात्र झाडामागे दबून बसतात, फिके पडतात, आणि घरचे दुकानदाराच्या नावाने खडे फोडतात.

जेमतेम ३ सेंटिमीटरचा हा मासा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. १९३६ साली जॉर्ज मायर्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्या खोऱ्यात त्याला गिळायला टपलेले पुष्कळ. घोळका हाच त्याचा बचाव: एकसारखे मासे एकदम हलले की शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही. शिवाय पहारा वाटला जातो, म्हणून प्रत्येकाला खायला सवड मिळते. दोघांनाच पहारा द्यायचा तर खायचं कधी?

घोळक्यातलं अंतर मासे डोळ्यांनी राखतात, तसंच अंगावरच्या पार्श्वरेषेनेही. तिच्यातल्या संवेदी पेशींना शेजाऱ्याच्या शेपटीने हललेलं पाणी जाणवतं. सेथ नावाच्या सागरी माशांचे डोळे तात्पुरते झाकले, तरी ते थव्यासोबत पोहत राहिले, असं १९७६ साली प्रयोगातून दिसलं.

निऑनचा निळा पट्टा हा तर प्रकाशाचा खेळ आहे. तिथे निळं रंगद्रव्यच नाही! त्वचेच्या पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ स्फटिक थरावर थर रचलेले असतात आणि थरांतल्या अंतरानुसार ठरावीक रंगाचा प्रकाश परावर्तित होतो. अंधारात ते अंतर बदलतं, पट्टा मंद जांभळट होतो. म्हणून सकाळी दिवा लावल्या लावल्या मासे फिके दिसले तर लगेच औषधाची बाटली उघडू नका, थोड्या वेळात निळाई परत येते. (लाल पट्टा रंगद्रव्याचाच.) दिवसभर फिकेच राहिले, तर मात्र पाणी तपासा.

निऑन किमान सहा घ्या. दहा-बारा असले तर वागणं खरं खुलतं. त्यांना पोहायला आडवी जागा लागते, म्हणून उंच टाकीपेक्षा ६० सेंटिमीटर लांबीची पसरट टाकी बरी. मूळचं पाणी मऊ (कमी क्षारांचं), किंचित आम्लधर्मी. बोअरवेलचं जड पाणी टाळलेलं बरं, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच ते टाकीत घाला.

नव्या टाकीत घाई नडते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तो स्पंज नळाखाली खळखळून धुतला तर क्लोरीनने तेच मरतात; टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.

आणि निऑनसोबत एंजलफिश ठेवली तर? दुकानात ती नाण्याएवढी, गरीब दिसते. पूर्ण वाढलेल्या एंजलच्या तोंडात निऑन सहज मावतो.