पिस्तूल निवडण्याआधी कसोटी लिहावी लागते

१९८० साली ऑस्ट्रियाच्या सैन्याला आपली जुनी वॉल्थर पी-३८ पिस्तुले बदलायची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले ते डिझाइन. नवे पिस्तूल कसे हवे, हे संरक्षण मंत्रालयाने १७ अटींमध्ये लिहून काढले. सैन्य किंवा पोलीस दलासाठी पिस्तूल कसे निवडावे हे समजून घ्यायचे असेल, तर या यादीसारखा दुसरा धडा नाही. कारण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक अट मोजता येते.

काही अटी पाहा. काडतूस ९ × १९ मिलिमीटरचे, म्हणजे नाटो देशांत चालणारे. मॅगझिनमध्ये किमान ८ गोळ्या, आणि त्या भरायला कुठलेही साधन लागता कामा नये. फैर झाडण्याआधीची आणि नंतरची प्रत्येक क्रिया एका हाताने जमली पाहिजे, मग तो हात डावा असो वा उजवा. सुट्या भागांची संख्या ५८ पेक्षा जास्त नको. २ मीटर उंचीवरून पोलादी पत्र्यावर पडले तरी गोळी सुटता कामा नये. पहिल्या १०,००० फैरींत फार तर २० अडथळे चालतील, आणि हाताने सहज सुटणारा किरकोळ अडथळासुद्धा त्यात मोजला जाईल. १५,००० फैरींनंतर झीज तपासायची आणि मग ५,००० बार दाब निर्माण करणारे चाचणी-काडतूस उडवायचे. नेहमीच्या काडतुसाची कमाल मर्यादा २,५२० बार आहे, म्हणजे हा दाब जवळपास दुप्पट. त्यानंतरही महत्त्वाचे भाग मापात राहिले पाहिजेत.

मला त्यातली सर्वांत दूरदर्शी वाटते ती वेगळीच अट: कोणत्याही पिस्तुलाचा कोणताही भाग दुसऱ्या कोणत्याही पिस्तुलात, कानस न लावता, बसला पाहिजे. एक-दोन पिस्तुले बाळगणाऱ्या हौशी नेमबाजाला याचे काही वाटणार नाही. पण हजारो पिस्तुले सांभाळणाऱ्या शस्त्रागारात भाग घासूनपुसून बसवावा लागला, तर दुरुस्तीचे काम कुशल कारागिरावर अडते आणि पिस्तुले कपाटात पडून राहतात. १९८२ मध्ये गास्टोन ग्लॉक यांचे पिस्तूल निवडले गेले. त्यांच्या कंपनीने याआधी सैन्याला सुरे आणि फावडी पुरवली होती, पिस्तूल मात्र कधी बनवले नव्हते. प्लास्टिकची फ्रेम, जेमतेम ३४ भाग आणि १७ गोळ्यांचे मॅगझिन असलेले हे ग्लॉक १७ नामांकित कारखान्यांच्या पिस्तुलांपुढे टिकले, कारण ते या अटी समोर ठेवूनच आखले होते.

आता पडण्याची अट जरा खोलात पाहू. कमरेवरचे पिस्तूल पडतेच. धावताना, झटापटीत, गाडीतून उतरताना. पडल्यावर गोळी दोन वाटांनी सुटू शकते. एक, धक्क्याने फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर टोला मारणारी कांडी, पुढे सरकते आणि काडतुसाच्या बुडावरच्या, दारू पेटवणाऱ्या प्रायमरवर आदळते. यावर उपाय जुना आहे: पिनच्या वाटेत एक खिट्टी ठेवायची, ती ट्रिगर दाबल्यावरच बाजूला होते. दुसरी वाट जास्त फसवी. पिस्तूल मागच्या टोकावर पडले की त्याचे अंग जागच्या जागी थांबते, पण ट्रिगरला स्वतःचे वजन असते. करकचून ब्रेक लागल्यावर एसटीतला उभा प्रवासी पुढे जातो, तसा ट्रिगर मागे जात राहतो. म्हणजे बोट न लागताच तो दाबला जातो, आणि ट्रिगर दाबला गेला की खिट्टीही बाजूला होते!

अमेरिकी लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये सिग सावरचे पी-३२० निवडले आणि त्याला एम-१७ हे नाव दिले. कंत्राटानंतरच्या चाचण्यांत नेमका हाच दोष सापडला. गोळी काढून फक्त प्रायमर ठेवलेली काडतुसे भरून पिस्तूल पाडले, तर प्रायमर फुटत होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात बाजारातल्या पी-३२० वर स्वतंत्र चाचण्या झाल्या. नळी वर आणि मागची बाजू सुमारे ३० अंशांत कलती ठेवून पाडल्यास ते उडते, हे सर्वांनी पाहिले. पाडण्याच्या प्रचलित चाचण्यांत पिस्तूल सहसा सरळ कोनांत पाडतात: नळी खाली, नळी वर, डावी कुशी, उजवी कुशी, मूठ खाली. हा तिरका कोन त्यात नव्हता. कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये बदल जाहीर केला. त्यात मुख्य होते ते ट्रिगर आणि त्याला जोडलेले भाग हलके करणे, म्हणजे जडत्वाचा जोरच कमी पडावा. ग्लॉकमध्ये ट्रिगरच्या मधोमध एक छोटी पाती असते. बोटाने ती दाबली नाही, तर ट्रिगर मागे येतच नाही. चाचणी लिहिणाऱ्याने म्हणूनच कोनांची यादी वाढवावी आणि पिस्तूल सरळ तसेच तिरकेही पाडावे. चाचणीला उमेदवाराच्या खास घासलेल्या नमुन्याऐवजी कारखान्याच्या चालू उत्पादनातून उचललेली पिस्तुले घ्यावीत.

अडथळा कशाला म्हणायचे, हेही आधीच ठरवावे लागते. एम-१७ कडून सरासरी २,००० फैरींत एक अडथळा अपेक्षित होता. साध्या गोळीसोबत आकडा त्याच्या जवळपासही आला नाही. पण अडथळे उलगडून पाहिले तेव्हा अर्ध्याहून अधिक एकाच प्रकारचे निघाले: शेवटच्या गोळीनंतर स्लाइड, म्हणजे प्रत्येक फैरीला मागेपुढे सरकणारा पिस्तुलाचा वरचा भाग, मागे अडकून राहत नव्हती, कारण मूठ उंच धरणाऱ्या नेमबाजांचा अंगठा स्लाइडच्या खटक्यावर टेकत होता. गोळी अडकण्याइतका हा दोष गंभीर नाही. तरी त्यामुळे रिकामे पिस्तूल भरलेले वाटू शकते, म्हणून तो मोजलाच पाहिजे, फक्त वेगळ्या रकान्यात.

मॅगझिनकडे खरेदीदार सर्वांत कमी लक्ष देतात आणि अडथळ्यांचे मूळ बरेचदा तिथेच असते. इराकमध्ये अमेरिकी सैन्याच्या आधीच्या पिस्तुलाच्या, बेरेटा एम-९ च्या, तक्रारी आल्या, त्यात स्वस्तात वेगळी बनवून घेतलेली मॅगझिने होती. त्यांवरचा फॉस्फेटचा थर जाड आणि खरखरीत होता. बारीक वाळू त्याला धरून बसे, आतली पट्टी अडखळे आणि स्प्रिंग काडतूस वेळेत वर ढकलू शकत नसे. तोवर स्लाइड पुढे येऊन रिकाम्या नळीवर बंद होई. पुढे गुळगुळीत लेप दिलेली मॅगझिने आली.

याच एम-९ ची आधीची गोष्ट धातूची आहे. १९८५ मध्ये निवड झाल्यावर दोन-तीन वर्षांतच काही स्लाइड फायर करताना मधोमध तुटल्या. मागचा तुकडा निसटून नौदलाच्या कमांडोंच्या तोंडावर आदळला. मैदानात ३ आणि प्रयोगशाळेत ११ अशा १४ स्लाइड तुटल्याची नोंद अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९८८ मध्ये केली. लष्कराच्या तपासात धातूची चिवटता कमी आढळली, तर कंपनीने काडतुसाच्या जादा दाबाकडे बोट दाखवले. तोडगा साधा होता. हॅमर (टोला मारणारी हातोडी) ज्या पिनेवर फिरतो, तिचे डोके मोठे केले आणि स्लाइडमध्ये त्यासाठी खाच ठेवली. आता स्लाइड तुटली तरी मागचा तुकडा त्या डोक्याला अडतो. दाबाचा वाद टाळायचा असेल, तर दल रोज जे काडतूस वापरणार तेच, त्याच कारखान्याचे, चाचणीत वापरावे.

ट्रिगर ओढायला किती जोर लागावा, हा धोरणाचा प्रश्न आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी अनेक वर्षे सुमारे ५.४ किलो ओढ लागणारा ट्रिगर ठेवला, नेहमीच्या ग्लॉकच्या दुपटीहून जड. चुकून गोळी सुटू नये हा हेतू. पण पाऊण किलोच्या आसपासचे पिस्तूल एवढ्या जोराने ओढताना नळी हलते आणि नेम चुकतो. चुकलेली गोळी गर्दीत कुणालाही लागू शकते. २०२१ पासून नव्या भरतीतल्या पोलिसांना हलका ट्रिगर मिळू लागला. मुठीच्या मापाचेही तसेच आहे. बोटाचे पेर ट्रिगरवर नीट पोहोचत नसेल, तर लहान हाताचा शिपाई मूठ फिरवून धरतो आणि गोळी बाजूला जाते. एम-१७ ची मूठ तीन मापांत बदलता येते, हा त्याचा मोठा गुण.

गोळी केवढी असावी यावर अमेरिकेत खूप वाद झाला. १९८६ मध्ये मायामीच्या चकमकीत दोन अधिकारी गेल्यावर एफबीआय मोठ्या गोळीकडे वळली, आणि गोळ्यांची रचना सुधारल्यावर २०१० च्या दशकात ९ मिलिमीटरकडेच परतली. झटका कमी, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त आणि बहुतेकांचा नेम चांगला, ही कारणे पुरेशी होती.

किंमत मोजताना फक्त पिस्तुलाचा दर पाहू नये. एम-१७ च्या निवडीत सिगचा एकूण प्रस्ताव सुमारे १६.९५ कोटी डॉलरचा होता आणि ग्लॉकचा २७.२२ कोटींचा. ग्लॉकची हरकत जून २०१७ मध्ये फेटाळली गेली. होल्स्टर, सुटे भाग, मॅगझिने, सरावाची काडतुसे आणि शस्त्रागारातल्या माणसांचे प्रशिक्षण हे सारे करारात हवे. त्याबरोबर प्रत्येक पिस्तुलाच्या क्रमांकापुढे झाडलेल्या फैरींची नोंद ठेवणारी वही हवी. एम-९ ची रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे जाणाऱ्या स्लाइडचा धक्का झेलणारी स्प्रिंग, ५,००० फैरींनंतर बदलायची असते. वही नसेल तर ती मऊ पडेपर्यंत तशीच राहते, स्लाइड जोरात आदळू लागते, आणि शेवटी नाव पिस्तुलाचे खराब होते.